‘स्वतःप्रत अर्पण’ म्हणजे कोणाला?

सोलापूर जिल्ह्यातील एका शाळेच्या मुख्याध्यापिका लिहितात:

“आमच्या शाळेत परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हटली जाते. गेल्या संविधान दिनी आठवीतल्या एका मुलीने विचारले, ‘बाई, स्वतःप्रत अर्पण करीत आहोत म्हणजे आपण हे कोणाला देतो? आणि आम्ही म्हणजे कोण? माझ्या पणजीला सहीसुद्धा येत नव्हती, तिने हे कधी ठरवले?’ मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण ते उत्तर माझे मलाच पटले नाही. नंतर संविधानाची मराठी प्रत आणली, परंतु नागरिकत्वाच्या अनुच्छेदांपर्यंत पोहोचता पोहोचता वाचन थांबले. सहकारी म्हणतात की हे वकिलांचे काम आहे, आणि नाहीतरी आपली घटना इतर देशांच्या घटनांमधून उचललेली आहे. मला परीक्षा द्यायची नाही, या तरतुदींमागची तत्त्वे समजून घ्यायची आहेत. गावच्या वाचनालयात आम्ही सात-आठ जणी एकत्र बसायला तयार आहोत. सुरुवात कोठून करावी?”

आदरणीय बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न इतका मुळाशी जाणारा आहे की तुमच्या वाचनाची सुरुवात त्याच प्रश्नापासून व्हावी असे मला वाटते. संविधानाची प्रत उघडून पहिल्या अनुच्छेदापासून क्रमाने वाचत जाणारा माणूस बहुधा तुमच्यासारखाच नागरिकत्वाच्या प्रकरणात अडतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो. तो राज्यकारभार चालवण्यासाठी लिहिलेला कायदेशीर दस्तऐवज आहे आणि त्याच्या कलमांचा क्रम कारभाराच्या सोयीने लावलेला आहे. त्यामागची तत्त्वे मात्र वादातून आली आहेत. एखादे तत्त्व समजून घ्यायचे असेल, तर ते कोणत्या अन्यायाच्या आठवणीतून आले, त्यावर सभागृहात कोणी काय आक्षेप घेतले आणि पुढे न्यायालयात ते कसे कसाला लागले, हे तिन्ही एकापाठोपाठ पाहावे लागते. माझा सगळा सल्ला एवढाच आहे. तो कसा अमलात आणायचा ते आता सविस्तर लिहितो.

प्रथम त्या मुलीचे उत्तर. उद्देशिकेचे शेवटचे शब्द आणि संविधानाचा शेवटचा अनुच्छेद शेजारी शेजारी ठेवून वाचा. मूळ संविधानात ३९५ अनुच्छेद होते, आणि त्यातल्या ३९५व्या अनुच्छेदाने १९३५चा भारत सरकार अधिनियम आणि १९४७चा भारतीय स्वातंत्र्य अधिनियम हे दोन्ही कायदे रद्द केले. हे दोन्ही कायदे ब्रिटिश पार्लमेंटने केलेले होते, आणि विशेष म्हणजे स्वतंत्र भारताची घटना करण्याचा कायदेशीर अधिकार संविधान सभेला त्यांपैकी १९४७च्या कायद्यानेच मिळाला होता. ज्या शिडीने सभा वर चढली, ती शिडी तिने अखेरच्या ओळीत स्वतः काढून टाकली, आणि आपला अधिकार परक्या पार्लमेंटकडून नव्हे तर भारताच्या लोकांकडून आला आहे असे पहिल्या ओळीत लिहून ठेवले. संविधान तयार झाल्यावर ते कोणाच्याही मंजुरीसाठी लंडनला गेले नाही. त्याआधी १९०९, १९१९ आणि १९३५ साली या देशाला जे सुधारणांचे कायदे मिळाले, ते दिलेले होते. देणारा वेगळा होता आणि घेणारा वेगळा. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी देणारा आणि घेणारा एकच झाला. “स्वतःप्रत” या जुन्या वळणाच्या शब्दाचा अर्थ हा आहे, आणि आठवीतल्या मुलीला तो नीट सांगितला तर सहज कळतो.

पणजीबद्दलचे उत्तर अधिक अवघड आहे आणि ते प्रामाणिकपणे द्यायला हवे. संविधान सभा सर्व प्रौढांच्या मतांवर निवडली गेलेली नव्हती. १९४६ साली प्रांतिक विधिमंडळांच्या सदस्यांनी तिचे प्रतिनिधी निवडले, आणि त्या विधिमंडळांसाठी मताचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. सही न येणाऱ्या खेड्यातल्या बाईला त्या वेळी बहुधा मत नव्हते, म्हणजे “आम्ही” हा शब्द लिहिला गेला तेव्हा ती त्यात मोजली गेलेली नव्हती. परंतु त्याच सभेने ३२६वा अनुच्छेद लिहिला आणि साक्षरतेची किंवा मालमत्तेची कोणतीही अट न घालता प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत दिले. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी १७ कोटींहून अधिक मतदारांची यादी तयार झाली. त्या यादीचा एक तपशील तुमच्या वर्गात जरूर सांगा. देशाच्या काही भागांत लाखो स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगायला नकार दिला आणि अमक्याची बायको, अमक्याची आई एवढीच ओळख दिली. निवडणूक आयोगाने तशी नोंद मान्य केली नाही, आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळली गेली. तो निर्णय मला कठोर वाटतो, पण त्यामागची भूमिका मोलाची होती असेही वाटते, कारण संविधानाच्या दृष्टीने मतदार ही स्वतःचे नाव असलेली स्वतंत्र व्यक्ती आहे. उद्देशिकेतील “व्यक्तीची प्रतिष्ठा” हे शब्द समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

उद्देशिकेविषयी आणखी एक गोष्ट. संविधान सभेने ती सर्वात शेवटी, १७ ऑक्टोबर १९४९ रोजी चर्चेला घेतली. त्या दिवशीची चर्चा तुमच्या गटाने पहिल्याच बैठकीत वाचावी असे मी सुचवीन, कारण ती लहान आहे आणि तिला कायद्याचे कोणतेही पूर्वज्ञान लागत नाही. ह. वि. कामत यांनी उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती मांडली. ते मनापासून श्रद्धावान होते आणि विरोध करणाऱ्यांपैकीही अनेक जण श्रद्धावान होते. तरीही थानू पिल्लै यांनी हरकत घेतली की यामुळे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होते, आणि हृदयनाथ कुंझरू यांनी दाखवून दिले की विचार आणि विश्वासाच्या स्वातंत्र्याचे आश्वासन देणाऱ्या मजकुरालाच अशी सुरुवात छेद देते. मतदान झाले आणि दुरुस्ती ४१ विरुद्ध ६८ मतांनी फेटाळली गेली. “विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे स्वातंत्र्य” हे शब्द आपण परिपाठात दररोज एका दमात म्हणून जातो. त्या शब्दांचा मान राखण्यासाठी श्रद्धावान माणसांनी आपल्या देवाचे नाव बाजूला ठेवायला संमती दिली होती, हे कळल्यावर ते तितक्या सहज म्हणता येत नाहीत.

“बंधुता” हा शब्दही असाच थांबून पाहावा. जवाहरलाल नेहरूंनी १३ डिसेंबर १९४६ रोजी मांडलेल्या आणि पुढच्या जानेवारीत मंजूर झालेल्या उद्दिष्टांच्या ठरावात न्याय, स्वातंत्र्य आणि समानता होती, बंधुता नव्हती. ती मसुदा समितीने घातली. २१ फेब्रुवारी १९४८ रोजी मसुदा सादर करताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सोबतच्या पत्रात लिहिले की बंधुभाव आणि सलोखा यांची गरज भारताला आजच्याइतकी कधीच नव्हती. फाळणीचा रक्तपात नुकताच होऊन गेला होता आणि गांधीजींच्या हत्येला तीन आठवडे झाले होते. हा शब्द सुभाषित म्हणून घातलेला नाही, हे त्या पत्राच्या तारखेवरूनच समजते.

आता मूलभूत हक्कांकडे वळू. महाराष्ट्रातील वाचकाने अनुच्छेद १५ पासून सुरुवात करावी असे माझे ठाम मत आहे. त्याच्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा नावानिशी उल्लेख आहे. जगातील फार थोड्या घटनांमध्ये मूलभूत हक्कांच्या प्रकरणात विहीर सापडेल. ती येथे का आली, हे विचारले की आपण महाडला पोहोचतो. सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात १९२३ साली ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालवले जाणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. महाडच्या नगरपालिकेने त्यानुसार चवदार तळे खुले केले, परंतु ते कागदावरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली, पाणी प्याली आणि परतताना त्यांच्यावर हल्ला झाला. पुढे तळे खासगी असल्याचा दावा करून काही सवर्णांनी कोर्टात धाव घेतली, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागेपर्यंत मार्च १९३७ उजाडला. म्हणजे सरकारी ठराव होता, नगरपालिकेची संमती होती, आणि तरीही ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे लागली.

ही हकिकत मनात ठेवून अनुच्छेद १५ पुन्हा वाचा. त्याचा पहिला खंड राज्याला भेदभाव करण्यास मनाई करतो. दुसरा खंड मात्र शेजाऱ्याला, दुकानदाराला, पाणवठ्यावर उभ्या असलेल्या गावकऱ्यालाही बांधून घेतो, आणि अनुच्छेद १७ अस्पृश्यता नष्ट झाल्याचे जाहीर करून तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण गुन्हा ठरवतो. पाश्चात्त्य देशांतील हक्कांच्या सनदा प्रामुख्याने राजाची किंवा सरकारची सत्ता रोखण्यासाठी जन्मल्या. आपल्याकडे माणसाचे स्वातंत्र्य सरकारइतकेच समाजानेही हिरावून घेतलेले होते, म्हणून आपल्या हक्कांची तोंडे दोन्ही दिशांना आहेत. घटना उचललेली आहे असे म्हणणाऱ्या तुमच्या सहकाऱ्यांना हा अनुच्छेद वाचून दाखवा. तो आक्षेप काही नवा नाही, आणि बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी सभागृहातच त्याला उत्तर दिले होते: घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कोणाचीही मक्तेदारी नसते, त्यामुळे त्या घेण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पुढे १९५४ साली आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी असेही स्पष्ट केले की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही स्वतःच्या जीवनविचाराची तत्त्वे त्यांनी फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत.

त्यानंतरची बैठक अनुच्छेद १९ साठी ठेवा. अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा हक्क आपल्याला इतका परिचित वाटतो की मसुद्यात त्याच्या मर्यादांच्या यादीत “राजद्रोह” हा शब्द होता, हे वाचून अनेकांना धक्का बसतो. मराठी माणसाला या शब्दाची किंमत वेगळी सांगायला नको. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव असा अर्थ ज्यूरीला सांगितला. सरकारवर प्रेम नसणे एवढ्यावर माणूस तुरुंगात जाऊ शकत होता, आणि टिळक गेले. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयात पुन्हा खटला चालला, ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले आणि न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची शिक्षा ठोठावून त्यांची रवानगी मंडालेला केली.

चाळीस वर्षांनी, डिसेंबर १९४८च्या पहिल्या दिवशी, कन्हैयालाल मुन्शींनी तो शब्द मसुद्यातून काढण्याची दुरुस्ती मांडली. सरकारवर टीका करणे हा लोकशाहीचा गाभा आहे, आणि एका सरकारच्या जागी दुसरे सरकार आणण्याचे आवाहन हा लोकांचा अधिकार आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो शब्द संविधानातून गेला. दंडसंहितेतील राजद्रोहाचे १२४-अ हे कलम मात्र राहिले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ हिंसाचाराला आणि सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी देण्यापुरता मर्यादित केला, मे २०२२ मध्ये त्याचा वापर स्थगित केला, आणि १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली तेव्हा “राजद्रोह” हा शब्द जाऊन त्या जागी देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांविषयीचे १५२वे कलम आले. या नव्या कलमाची व्याप्ती किती असावी, यावर तुमच्या गटात मतभेद होतील आणि ते व्हावेतच. मात्र मत देण्यापूर्वी टिळकांच्या खटल्यातील “अप्रीती” आणि मुन्शींचे भाषण दोन्ही समोर असू द्या. येथेच हेही लक्षात घ्या की संविधान लागू होऊन दीड वर्षही झाले नव्हते, तोच १९५१च्या पहिल्या घटनादुरुस्तीने या स्वातंत्र्यावरील मर्यादा वाढवल्या, आणि त्याच दुरुस्तीने त्या मर्यादा “वाजवी” असल्या पाहिजेत ही अटही घातली. “वाजवी” या एका शब्दामुळे आज न्यायालय सरकारला जाब विचारू शकते. संविधान वाचताना विशेषणांकडे दुर्लक्ष करू नये, ते यासाठीच.

अनुच्छेद २१ शेवटी घ्या, कारण तो दिसायला सर्वात सोपा आणि समजायला सर्वात कठीण आहे. कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीखेरीज कोणाचेही जीवित किंवा व्यक्तिगत स्वातंत्र्य हिरावून घेतले जाणार नाही, एवढेच एक वाक्य. ती कार्यपद्धती न्याय्य असली पाहिजे की नुसती कायद्यात लिहिलेली असली तरी पुरे, यावर संविधान सभेत मोठा वाद झाला. न्याय्यतेची अमेरिकी धर्तीची हमी देणारे शब्द घालावेत असे मुन्शी आणि इतर अनेक जण सांगत होते. ते घातले तर न्यायाधीश संसदेला डोईजड होतील अशी दुसऱ्या बाजूची भीती होती, आणि अखेर ते शब्द घातले गेले नाहीत. बाबासाहेबांनी दोन्ही बाजूंचे धोके सभागृहासमोर मोकळेपणाने ठेवले, आणि पुढे सप्टेंबर १९४९ मध्ये, या अनुच्छेदाविषयीच्या असमाधानाची भरपाई म्हणून, अटक झालेल्या व्यक्तीला संरक्षण देणारा आजचा २२वा अनुच्छेद मांडला.

त्या वादात हरलेल्या बाजूचे म्हणणे किती खरे होते, ते आणीबाणीत कळले. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी निर्णय दिला की आणीबाणी असेपर्यंत स्थानबद्ध माणसाला आपली अटक बेकायदा आहे असे सांगत न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी त्याआधी उलट निर्णय दिले होते. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरोधात उभे राहिले, आणि ज्येष्ठतेनुसार मिळायला हवे असलेले सरन्यायाधीशपद त्यांना नाकारले गेले. बहुमतातील चौघांपैकी एक न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणाचा हक्क मान्य करताना तो १९७६चा निर्णय मोडीत काढला, तेव्हा त्यातील प्रमुख निकालपत्र त्यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. त्याआधीच, १९७८ साली, ४४व्या घटनादुरुस्तीने ठरवले की आणीबाणीतही अनुच्छेद २० आणि २१ स्थगित करता येणार नाहीत, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने कार्यपद्धती न्याय्य आणि वाजवी असलीच पाहिजे असे सांगून १९४८चा तो जुना वाद एका अर्थी मुन्शींच्या बाजूने निकाली काढला. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की चर्चा वाचताना हरलेल्यांची भाषणे वगळू नका. एप्रिल १९४७ मध्ये सोमनाथ लाहिरी या एकमेव कम्युनिस्ट सदस्याने म्हटले होते की यातले अनेक हक्क पोलीस शिपायाच्या दृष्टिकोनातून लिहिल्यासारखे वाटतात. ते वाक्य बोचरे आहे, पण प्रत्येक हक्काखालच्या अपवादांची यादी वाचताना ते जवळ असलेले बरे.

तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून शिक्षणाचा धागा तुम्ही स्वतः उलगडावा असे सुचवतो. त्यावर मी फार लिहीत नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली त्यासाठी विधेयक मांडले आणि ते नामंजूर झाले, शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात ते करून दाखवले. संविधानात ही गोष्ट निदेशक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयातून बजावून घेता येत नाहीत अशा राज्यासाठीच्या मार्गदर्शक सूत्रांत, ४५व्या अनुच्छेदात, दहा वर्षांच्या मुदतीसह आली. हक्क म्हणून ती २००२च्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ मध्ये आली आणि १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू झाला. निदेशक तत्त्व आणि मूलभूत हक्क यांत फरक काय, हा प्रश्न तुम्हाला तुमच्या शाळेच्या हजेरीपटावरूनच शिकवता येईल.

साधनांची अडचण फारशी येणार नाही. संविधानाची मराठी प्रत तुमच्याजवळ आहेच. संविधान सभेतील चर्चा लोकसभेच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्या मुख्यतः इंग्रजीत असल्यामुळे इंग्रजी शिकवणारी एखादी सहकारी किंवा गावातील कायद्याची विद्यार्थिनी गटात घ्या आणि तिने चार-पाच पाने मराठीत समजावून सांगावीत. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांच्या इंग्रजी खंडांपैकी तेरावा खंड संविधानावरील त्यांच्या भाषणांचा आहे. जिल्हा ग्रंथालयात त्याची चौकशी करा. एका बैठकीत एकच अनुच्छेद घ्या, दीड तासापेक्षा जास्त बसू नका, आणि प्रत्येक वेळी एक जणीकडे त्या अनुच्छेदाला विरोध करणाऱ्याची बाजू मांडण्याचे काम सोपवा. गटात कोणी म्हणेल की २५ नोव्हेंबर १९४९चे बाबासाहेबांचे भाषण आधी वाचू या. ते सर्वात शेवटी ठेवा. राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीत आपण प्रवेश करत आहोत, हा त्यांचा इशारा महाड, मंडाले आणि आणीबाणी वाचून झाल्यावर ऐकला तर वेगळा ऐकू येतो.

आणि त्या मुलीला पहिल्या बैठकीला बोलवा. ३९५वा अनुच्छेद दोन-तीन ओळींचाच आहे. तो तिलाच मोठ्याने वाचू द्या.